परमुलखांतलें बिऱ्हाड

प्रवासवर्णन आणि बिऱ्हाडवर्णन हे दोन निरनिराळे वाङ्मयप्रकार आहेत, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनीं अद्याप पुरतेपणीं ध्यानांत घेतलेली दिसत नाहीं. प्रवाशाला परमुलखांतलीं देवळें, डोंगर आणि चित्रसंग्रह दिसतात. मुलेंबाळें घेऊन गेलेल्या माणसापुढें मात्र दूध कोण घालील, ताप आल्यास डॉक्टर कोठें भेटेल आणि पोरांनीं शाळेंत कोणत्या भाषेंत बोलावयाचें, हे तीन प्रश्न पहिल्याच आठवड्यांत उभे राहतात. त्यांचीं उत्तरें शोधतां शोधतां तो देश त्याला जसा कळतो तसा कोणत्याहि प्रवाशाला कळत नाहीं. आणि त्याचा गैरसमज झालाच तर तोहि प्रवाशाच्या गैरसमजाहून अधिक खोल जातो.

हा विचार सुचण्याचें कारण म्हणजे गेल्या सुटींत आम्हीं लागोपाठ वाचलेलीं चार पुस्तकें. चारहि पुस्तकें स्पेनच्या मायोर्का बेटासंबंधीं आहेत. भूमध्य समुद्रांतील बालेआरिक बेटांपैकीं हें सर्वांत मोठें. पाल्मा हें त्याचें मुख्य शहर. या बेटाच्या वायव्येकडील डोंगरांत वाल्डेमोसा आणि देया अशीं दोन खेडीं आहेत. दोहोंमध्यें अंतर अवघें दहा-बारा किलोमीटर. एका खेड्यांत १८३८ सालीं एक फ्रेंच कुटुंब हिंवाळ्यापुरतें राहिलें. दुसऱ्यांत १९४६ सालीं एक इंग्रज कुटुंब येऊन कायमचें राहिलें. दोन्ही कुटुंबांचे कर्तेपण लेखकाकडे होतें, दोन्ही कुटुंबांत मुलें होतीं, आणि बिऱ्हाडाची हकीकत दोन्हीकडून लिहिली गेली. तुलनेला इतका सोयीचा योग वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच येतो.

पहिलें पुस्तक जॉर्ज सँड यांचें ‘मायोर्केंतील एक हिंवाळा’. जॉर्ज सँड हें ऑरोर द्यूपँ या फ्रेंच कादंबरीकर्त्रीनें लेखनासाठीं घेतलेलें पुरुषी नांव. १८३८ च्या नोव्हेंबरांत सँडबाई आपला पंधरा वर्षांचा मुलगा मोरीस, दहा वर्षांची मुलगी सोलांज आणि प्रख्यात संगीतकार शोपँ यांना घेऊन पाल्मा बंदरांत उतरल्या. मुलाचा संधिवात आणि शोपँचा खोकला या दोहोंना दक्षिणेची उबदार हवा मानवेल, अशी त्यांची अपेक्षा होती. पुढल्या फेब्रुवारींत सर्वांनीं बेट सोडलें. म्हणजे सारा मुक्काम शंभर दिवसांहूनहि थोडा कमी. या शंभर दिवसांचें वर्णन १८४१ सालीं पॅरिसच्या ‘रव्यू दे द्यो मोंद’ या नियतकालिकांत प्रथम प्रसिद्ध झालें.

येथें एक कबुली देणें आवश्यक आहे. आम्हांस फ्रेंच येत नसल्यामुळें हा ग्रंथ आम्हीं रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं १९५६ सालीं केलेल्या इंग्रजी भाषांतरांतून वाचला. आणि ग्रेव्ह्ज हे तर या प्रकरणांत उघड उघड बेटाचे पक्षपाती. फिर्याद प्रतिवादीच्या वकिलाच्या तोंडून ऐकण्यासारखाच हा प्रकार झाला. तेव्हां सँडबाईंच्या पदरांत संशयाचा फायदा टाकण्याची आम्हीं होतां होईल तों दक्षता घेतली आहे.

ती दक्षता घेऊन प्रथम एवढें सांगितलें पाहिजे कीं, बाईंचे हाल खरे होते. स्पेनमध्यें १८३३ पासून यादवी युद्ध चाललें होतें आणि मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांनीं पाल्मा शहर भरून गेलें होतें. खानावळीची धड सोय नव्हती. शहराबाहेर एक घर भाड्यानें मिळालें, तों पाऊस सुरू झाला, भिंती ओलावल्या आणि शोपँचा खोकला बळावला. डॉक्टरांनीं क्षयाचें निदान केल्याबरोबर घरमालकानें जागा सोडावयास सांगितलें. शिवाय घराला नवा चुना देण्याचा व रोग्याचें अंथरूण जाळून टाकण्याचा खर्चहि मागितला. डिसेंबरच्या मध्यावर हें बिऱ्हाड वाल्डेमोसाच्या मठांत गेलें. १८३५ च्या सुमारास सरकारनें मठ खालसा केल्यामुळें संन्याशांच्या खोल्या भाड्यानें मिळत होत्या. पॅरिसहून मागविलेला पियानो जकातींत अडकून पडला, तो जानेवारींत हातीं आला. गांवकरी भाजीपाल्याला मनास येईल तो भाव सांगत. हीं माणसें रविवारीं देवळांत येत नाहींत, हा त्यांच्या रागाचा विषय. दुधासाठीं बाईंना अखेर बकरी पाळावी लागली. दिवसा मुलांचा अभ्यास घ्यावयाचा, रोग्याची शुश्रूषा करावयाची, स्वयंपाकावर देखरेख ठेवावयाची आणि रात्रीं कादंबरीचीं पानें लिहून घरखर्चाची तजवीज करावयाची, असा त्यांचा दिनक्रम होता. ज्या गृहिणीनें परगांवीं आजारी माणूस घेऊन एक महिना जरी काढला असेल, ती या बाईंवर रागावूं शकणार नाहीं.

परंतु हालांबद्दल सहानुभूति वाटणें निराळें आणि त्या हालांवरून काढलेला निष्कर्ष मान्य करणें निराळें. सँडबाईंनीं आपल्या अडचणींचा दोष हवामानाला, युद्धाला किंवा स्वतःच्या अपुऱ्या चौकशीला फारसा दिला नाहीं. तो साऱ्या बेटाच्या स्वभावाला दिला. मायोर्केचे लोक आळशी, लबाड, धर्मवेडे, इतकेंच नव्हे तर माकडांच्या जातीचे, अशा थराला त्यांची लेखणी गेली आहे. या निष्कर्षाचा सर्वांत दुबळा दुवा म्हणजे त्या घरमालकाचें प्रकरण. क्षय हा संसर्गजन्य आहे ही बेटावरील लोकांची समजूत बाईंना रानटीपणाची वाटली, कारण पॅरिसच्या विद्वानांचें मत त्या वेळीं तसें नव्हतें. वास्तविक स्पेनमध्यें क्षयरोग्याच्या वस्तु जाळण्याविषयीं १७५१ सालचा राजाचा हुकूम होता. घरमालक आपल्या देशाचा कायदा पाळीत होता. पुढें १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचे जंतु शोधून काढले, आणि या एका मुद्द्यापुरतें तरी पॅरिस चुकलें होतें व वाल्डेमोसा बरोबर होतें, असें ठरलें. घरमालकाच्या वागण्यांत दयामाया नव्हती हें खरें; पण दया नसणें म्हणजे अक्कल नसणें नव्हे. बिऱ्हाडकरूची ही पहिली चूक. आपल्याला जें दुखतें तें अज्ञानांतूनच आलें असलें पाहिजे, असें तो धरून चालतो.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. या ग्रंथांत शोपँचें नांव एकदांहि येत नाहीं. ‘आमच्यांतला आजारी’ अशा धर्तीच्या शब्दांनीं त्यांचा उल्लेख होतो. त्या काळच्या लोकलज्जेसाठीं हें केलें असेल, आणि त्याबद्दल आम्ही दोष देत नाहीं. पण ज्या रोग्यासाठीं सारा खटाटोप झाला तोच झांकल्यामुळें गांवाचें वागणें अकारण क्रूर दिसूं लागतें. खोकणारा अनोळखी पुरुष, विडी ओढणारी आणि रात्रभर दिवा जाळणारी बाई, देवळाकडे न फिरकणारीं मुलें: हें चित्र गांवाच्या डोळ्यांनीं एकदां जरी पाहिलें असतें तरी पुस्तक निराळें झालें असतें. तें बाईंना अशक्य होतें असेंहि नाहीं. मायोर्केंतील डुकरांच्या व्यापारावर त्यांनीं लिहिलेलीं पानें पाहावीं. आगबोट सुरू झाली ती डुकरें बार्सिलोनाला नेण्यासाठीं, आणि तिच्या आधारानें माणसांचें येणेंजाणें चालूं लागलें, हें त्यांनीं जितक्या खोंचकपणें तितक्याच अचूकपणें सांगितलें आहे. जी बुद्धि बेटाचा व्यापार समजूं शकली तिला शेजारणीचें मन समजलें नाहीं. कारण व्यापार आंकड्यांवरून समजतो. शेजारणीचें मन समजण्यास तिची भाषा यावी लागते. मायोर्केंतली घरगुती भाषा ही माद्रिदची कॅस्टिलियन स्पॅनिश नव्हे, ती कॅटलान भाषेची एक बोली आहे. 

या ग्रंथाला उत्तर लगेच मिळालें. १८४१ सालींच होसे मारिया क्वाद्रादो या विशींतल्या तरुण मायोर्की विद्वानानें ‘ला पाल्मा’ या साप्ताहिकांत बाईंचा समाचार घेतला. ग्रेव्ह्ज यांनीं आपल्या भाषांतराला हें उत्तर जोडलें आहे, तें योग्यच केलें. पण वाचल्यावर मन विषण्ण होतें. उत्तराचा आरंभ स्वदेशाच्या न्याय्य अभिमानानें होतो आणि शेवट बाईंच्या चारित्र्यावरील शिव्यांनीं. बेटाची बाजू खरी होती. तिला वकील मात्र उतावीळ मिळाला. पाहुणी म्हणते, तुम्ही रानटी. यजमान म्हणतो, तूं निर्लज्ज. दोघेहि एकमेकांच्या दारावरून गेले, आंत कोणीच गेलें नाहीं.

आतां डोंगराच्या रस्त्यानें वाल्डेमोसाहून देया गांवीं जाऊं. ग्रेव्ह्ज हे प्रथम १९२९ सालीं तेथें आले, १९३२ सालीं त्यांनीं घर बांधलें, आणि १९३६ सालीं स्पेनमध्यें पुन्हा यादवी पेटल्यावर त्यांना घाईनें निघावें लागलें. दहा वर्षांनंतर, १९४६ च्या मे महिन्यांत, ते पत्नी बेरिल आणि तीन लहान मुलांसह परत आले, तेव्हां गांवकऱ्यांनीं घर बहुतेक जसेंच्या तसें जपून ठेवलेलें त्यांना आढळलें. ज्या बेटाला सँडबाईंनीं चोरांचें बेट ठरविलें त्याची ही साक्ष. ग्रेव्ह्ज मग १९८५ सालीं मरेपर्यंत तेथेंच राहिले आणि देयाच्या चर्चशेजारच्या स्मशानांत त्यांना विसांवा मिळाला. सँडबाईंच्या पुस्तकाला त्यांनीं जोडलेल्या टीपा म्हणजे चाळीशी लावून बसलेल्या जुन्या रहिवाशानें एका उतावळ्या भाडेकरणीची काढलेली खरडपट्टी आहे. ठिकठिकाणीं ती रास्त आहे आणि वाचावयास मोठी मौजेची आहे.

तथापि ग्रेव्ह्ज यांचें मायोर्काविषयक लेखन वाचतांना आमच्या मनांत एक शंका घर करून राहिली. ते आले तें फ्रँकोच्या हुकूमशाहीच्या अमदानींत. १९३९ पासून १९७५ पर्यंत चाललेल्या त्या राजवटींत शाळांतून कॅटलान भाषेला थारा नव्हता; युद्धांत कोणाच्या घरचा माणूस कोणीं नेला हें ठाऊक असून बोलण्याची सोय नव्हती. ग्रेव्ह्ज यांच्या हलक्याफुलक्या निबंधांत गांवाचा विनोद आहे, इरसाल माणसें आहेत, ऑलिव्हचीं झाडें आहेत. ही मिटलेली तोंडें मात्र क्वचितच दिसतात. पाहुण्यानें यजमानाच्या घरांतील भांडणांत पडूं नये हा शिष्टाचार खरा. पण चाळीस वर्षें राहिलेला माणूस पाहुणा किती दिवस? सँडबाईंनीं गांवाचे दोषच पाहिले, ग्रेव्ह्ज यांनीं त्याचा लोभसपणाच पाहिला. आणि गांवाचें दुःख दोघांनाहि निसटलें, असें आम्हांस नम्रपणें म्हणावेंसें वाटतें.

तें दुःख ज्यांना दिसलें त्या कोण, हें चौथ्या पुस्तकाकडे वळल्यावर कळतें. मध्यें तिसरें आहे: ग्रेव्ह्ज यांचे पुत्र विल्यम यांनीं १९९५ सालीं लिहिलेलें ‘रानटी ऑलिव्ह’. बेटावर आले तेव्हां विल्यम सहा वर्षांचेहि नव्हते. गांवांतल्या पोरांत मिसळलेलें बालपण आणि पुढें पालटत गेलेलें गांव यांचें चित्र त्यांनीं मनापासून काढलें आहे. परंतु वडिलांची सावली इतकी लांब पडली आहे कीं, मुलगा पुनःपुन्हां तिच्याखालीं जातो. विख्यात पित्याच्या पुत्रानें लिहिलेल्या आठवणींचा हा नेहमींचाच दोष, आणि त्याबद्दल विल्यम यांना फार बोल लावतां येणार नाहीं.

चौथें पुस्तक त्यांची बहीण लुसिया ग्रेव्ह्ज यांचें, १९९९ सालचें. नांवाचा अर्थ ‘एक अनोळखी स्त्री’ असा होईल. बेटावर आली तेव्हां लुसिया तीन वर्षांचीहि नव्हती. तिच्या बालपणाला तीन भाषा मिळाल्या: घरांत इंग्रजी, गल्लींत मायोर्की आणि शाळेंत कॅस्टिलियन. आईबाप कॅथलिक नव्हते. शाळा मात्र कॅथलिक आणि राजवटहि कॅथलिक. मुलांच्या शिक्षणासाठीं ग्रेव्ह्ज कुटुंबाला पाल्मा शहरांतहि बिऱ्हाड करावें लागलें. म्हणजे दुधाचा आणि डॉक्टरचा प्रश्न सुटला तरी शाळेचा प्रश्न उरलाच, आणि तो आईबापांना नव्हे, मुलीला सोडवावा लागला. तो तिनें ज्या तऱ्हेनें सोडविला त्यांत या पुस्तकाचें सारें मोल आहे. ज्या भाषेंत शेजारणी स्वयंपाकघरांत बोलत ती तिला येत होती, आणि जी भाषा बाहेर बोलण्याची सक्ती होती तीहि येत होती. त्यामुळें एका भाषेंतून दुसरींत जातांना बायका काय गाळतात हें तिला ऐकूं आलें. फ्रँकोच्या स्पेनमधील स्त्रियांच्या मुकेपणाची हकीकत ती सांगते ती परकी म्हणून नव्हे आणि अगदीं आपली म्हणूनहि नव्हे. उंबरठ्यावर वाढलेल्या माणसाला घराच्या दोन्ही बाजू दिसतात, तशी. पुस्तकाची वीण कोठें कोठें सैल आहे हें मान्य करूनहि आम्ही या चार पुस्तकांत पहिला मान त्याला देतों.

या लेखिकेनें पुढें भाषांतर हाच व्यवसाय केला, यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. कार्लोस रुईस साफोन यांच्या ‘वाऱ्याची सावली’ या स्पॅनिश कादंबरीचें २००४ सालचें इंग्रजी रूप तिच्याच हातचें. जगभरच्या इंग्रजी वाचकांनीं ती तिच्या शब्दांत वाचली. लहानपणीं शाळा आणि घर यांच्यामध्यें जी ये-जा नाइलाजानें करावी लागली तीच पुढें विद्या झाली. पण ही विद्या फुकट मिळाली असें कोणीं समजूं नये. तीन भाषांत घर असणें म्हणजे एकींतहि पुरतें घर नसणें, ही खंत पुस्तकभर हलक्या आवाजांत ऐकूं येते. बापानें बेट निवडलें तें स्वतःच्या लेखनासाठीं, मोकळेपणासाठीं आणि स्वस्ताईसाठीं. त्या निवडीची किंमत मात्र मुलीनें भरली. आणि तिनें ती कुरकुर न करतां भरली म्हणून ती किंमत नव्हती असें होत नाहीं.

येथें आमच्या म्हणण्याचा गाभा येतो. कुटुंबासह परमुलखांत गेलेल्या माणसांचे ग्रंथ आपण नेणाऱ्याच्या हातून लिहिलेले वाचतों. पण नेणारा माणूस मनानें पुरता कधीं जातच नाहीं; त्याची भाषा, त्याचे वाचक, त्याचे मानापमान मागेंच राहिलेले असतात. सँडबाई वाल्डेमोसांत बसून पॅरिससाठीं लिहीत होत्या, ग्रेव्ह्ज देयांत बसून लंडनसाठीं. खरोखर स्थलांतर होतें तें मुलाचें. म्हणून बिऱ्हाडवर्णनाचा खरा ग्रंथ पुष्कळ वर्षांनीं, नेलेल्या मुलाच्या हातून लिहिला जातो. मोरीस आणि सोलांज शंभर दिवसांत परतलीं. गांवाची बोली त्यांच्या जिभेवर बसण्याइतका वेळच मिळाला नाहीं. सँडबाईंच्या निकालावर घरांतूनच अपील होण्याची वाट अशी बंद झाली.

आमच्या या सिद्धांताला एक दाखला आपल्या घरचाहि आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनीं मेक्सिकोंत चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापन केलें, मक्याच्या वाणांवर संशोधन केलें आणि शेतकऱ्यांसाठीं शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें त्यांना आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें आहे. त्यांनीं तेथेंच एका बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला आणि दोन मुली झाल्या. पुढें स्वतंत्र भारतांत परतून १९६७ सालीं ते नागपुरास वारले. त्यांचें चरित्र इंग्रजींत कोणीं लिहिलें? मेक्सिकोंत जन्मलेल्या त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनीं. बापाला तें परतणें होतें, मुलींना तें स्थलांतर होतें. एकाच प्रवासाचीं हीं दोन नांवें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत.

मायोर्केंत मध्यंतरीं चक्र पुरतें फिरलें आहे. १८३८ सालीं सँडबाईंना घर मिळेना. २०२४ सालीं पाल्माच्या रस्त्यांवरून बेटाच्याच रहिवाशांनीं मोठे मोर्चे काढले, कारण प्रवाशांच्या आणि बाहेरून येणाऱ्या धनिकांच्या गर्दीमुळें त्यांना स्वतःच्या गांवांत घर परवडेनासें झालें आहे. ज्या मठांत कोणी दूध घालीना, तेथें आज लोक तिकीट काढून शोपँची खोली पाहतात. बिऱ्हाडकरूंच्या रम्य पुस्तकांनीं या गर्दीला वाट दाखविली नाहीं, असें म्हणवत नाहीं. तेव्हां अशा पुस्तकाचें परीक्षण करतांना त्यांतील सूर्यास्त सुंदर आहेत किंवा नाहींत एवढेंच पाहून भागणार नाहीं; यजमानानें काय सोसलें, याचा हिशेबहि मागितला पाहिजे.

आमच्या ओळखीच्या कित्येक घरांतलीं मुलें आज सहकुटुंब परदेशीं बिऱ्हाड करून आहेत. त्यांचीं पत्रें येतात. त्यांत तेथल्या दुधाची, डॉक्टरांची आणि शेजाऱ्यांची हकीकत असते, आणि आजीआजोबा ती चवीनें वाचतात. त्या पत्रांत सँडबाईंचा सूर कितीदां लागतो आणि ग्रेव्ह्ज यांचा कितीदां, हें ज्यानें त्यानें ताडून पाहावें. पण पत्राच्या तळाशीं नातवानें चार ओळी वेड्यावांकड्या अक्षरांत, कदाचित् आपल्याला न कळणाऱ्या भाषेंत, खरडल्या असतील, तर त्या हंसून बाजूला सारूं नयेत. त्या देशाविषयींची अधिक विश्वसनीय साक्ष त्या चार ओळींतच असण्याचा संभव आहे.